समुद्राचा बांध

आमच्या शेजारच्या नानांनी साक्रीच्या माळावर पवनचक्क्यांसाठी जागा शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली. वारा कुठेही सापडतो, अवघड असतो तो बांधापलीकडचा चुलता, असं त्यांचं मत. म्हणून कुठेही टेकण्याआधी ते विचारतात, "कोनले हरकत शे का?" आमच्या झोपाळ्यावर बसतानाही मला विचारतात, बायकोला विचारतात आणि मग झोपाळ्यावरच्या मांजराला. मांजर हललं नाही, तर उभ्यानेच चहा घेतात.

पवनचक्क्या आता समुद्रात उभारणार, ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा नानांचा चेहराच उतरला. "समुद्रमा हरकत लेनारा कोन शे? बठ्ठं मोकळं!" म्हणाले आणि अर्धा चहा टाकून गेले. जिच्यावरून कोणी भांडतच नाही, तिला जागा कसं म्हणायचं?

दिवाळीनंतर ते भाचीकडे कोकणात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघून आले. फाटकातूनच ओरडले, "भाऊ, समुद्रमाबी बांध शे! एक कोळीणले इचारं, आठे पवनचक्की लावू का? ती टोपली ठेवीसन भांडाले उठनी, म्हने तठे आमनी जाळी लागतस!"

आणि त्या आनंदात, कोणालाही न विचारता, नाना धपकन झोपाळ्यावर बसले.

मांजराने तेव्हा पहिल्यांदाच रीतसर हरकत घेतली.