दाराजवळची खाट

जहाजाची खोली दोघांची असते. एकटा माणूस गेला तरी पैसे दोघांचेच भरावे लागतात. ही गोष्ट मला बायको मेल्यावर कळली. त्याआधी कळायचं कारणच नव्हतं, जाणार होतो ते दोघंच.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. भूकंपात जुनं गाव बसलं आणि सरकारनं नवं बांधून दिलं. जुन्या घरावर मातीचं माळवद होतं. त्याखाली आमची थोरली लेक गेली, दीड वर्षाची. बायकोला मी ओढून काढलं. लेकीपर्यंत हात पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्यावर आम्ही दोघं कधी फार बोललो नाही. पण त्यानंतर बायको भिंतीकडच्या अंगाला झोपली नाही. आधी काही वर्षं अंगणात. मग पोरगा झाला, तान्ह्याला थंडीवाऱ्यात कुठं झोपवायचं म्हणून आत आली, ती दाराजवळ. खाट दाराला लावलेली, दाराला कडी नाही, आणि उशाशी स्टुलावर पाण्यानं भरलेला गलास. जाग आली की आधी गलासाकडं बघायची. पाणी हललं की पोराला उचलून बाहेर पळायचं, असं तिनं ठरवलं होतं. पोरगा मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला, तरी गलास तिथंच. सांजेला भरायची, सकाळी तुळशीला ओतायची.

रस्ता रुंद करताना आमच्या वावराचा एक तुकडा गेला. त्याचे पैसे आले. पोरगा म्हणाला, आता तरी कुठं फिरून या. त्यानं फोनवर जहाज दाखवलं. सात-आठ मजल्यांचं, आत दिवे, पंगतीच्या पंगती जेवायल्यात.

बायकोनं विचारलं, "हे हलतं का रं?"

"हलणारच की आई. पाण्यात आहे ते."

"सारखं हलतं?"

"सारखं."

"मग हे बरं हाय. सारखं हलतंय त्याचं भ्या न्हाय. गप बसून एकदम हलतंय, त्याचं भ्या."

पोरगा हसला. मी हसलो नाही.

उमरग्याला स्टँडच्या मागं एकाचं तिकिटाचं दुकान आहे. मक्केला हजला, उमऱ्याला जाणाऱ्यांची तिकिटं तोच काढतो. आमच्या भागात विमानात बसणारी माणसं जास्ती तीच, म्हणून त्याला सगळं ठाऊक. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. तो मला मामा आणि तिला मामी म्हणायचा.

"मामा, नीट ऐका," तो म्हणाला. "जहाज येगळं आन विमान येगळं. हैदराबादहून विमानानं कोचीला जायाचं. तिथून जहाज, बेटं करत करत मुंबईला. मुंबईहून रेल्वेनं सोलापूर. विमान एक दिस आधीचं घेऊ. विमानाला उशीर झाला तर जहाज कुणासाठी थांबत न्हाय."

मग हप्ते सांगितले. जहाजाचे निम्मे पैसे आता, निम्मे निघायच्या आधी. मधी एक तारीख. त्या तारखेपर्यंत नको म्हटलं तर थोडे कापून बाकीचे परत. तारीख उलटली की एक छदाम परत नाही. विमानाच्या तिकिटाचे दोन भाव. एक परत करता येतं, ते महाग. एक येत नाही, ते स्वस्त.

"परत कशाला करायचं?" बायको म्हणाली. "जायाचंच हाय न्हवं?"

"मामी, सगळे जायालाच काढतेत की."

"मग स्वस्तातलं काढा. उरल्याल्या पैशात मी चाकाची बॅग घेती."

ती उठता उठता परत बसली. "खोलीत खाटा दोन आसत्यात का?"

"दोन."

"दाराजवळची माझी. तसं लिवा."

"तसं लिवता येत न्हाय मामी."

"मग फोन करून सांगा त्यांला."

त्यानं खरंच फोन लावला. पलीकडचा काय बोलला ते ऐकून म्हणाला, "दोन्ही खाटा सारख्याच हायेत म्हणं. कुणी कुठं झोपायचं ते तुमचं तुमी ठरवा."

"मग ठरलं," ती म्हणाली.

चाकाची बॅग तिनं त्याच दिवशी घेतली. घरी आल्यावर सिमेंटच्या रस्त्यावरून रिकामीच ओढून बघितली. समोरची म्हातारी वट्ट्यावरून म्हणाली, "कुटं निघालीस गं नांदायला?"

"आता कुणाच्यात नांदू? सासू मेली, सासरा मेला. समुद्रात चालले."

"एकलीच?"

"ह्यांलाबी नेते. बॅग उचलायला कुणी नको का?"

पुढं काही दिवसांनी तिच्या छातीत कळ आली आणि उमरग्याला नेईपर्यंत संपली. गाडीत माझ्या मांडीवर डोकं होतं. शेवटी काय बोलली असं लोक विचारतात. काही बोलली नाही. घाम आला होता, तो मी पुसत होतो.

पोरगा आला. भावकी आली. सुतक धरलं. सुतकाच्या घरात आमच्याकडं चहा ठेवत नाहीत, पैशाचा व्यवहार करत नाहीत, नवी गोष्ट काढत नाहीत. माणसं येतात, जाजमावर बसतात, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात, उठतात. तो तिकिटवालाही बसायला आला. डोक्याला रुमाल बांधून आला आणि पुरुषांच्यात माझ्या शेजारी बसला.

"लई चांगल्या हुत्या मामी," तो म्हणाला.

"व्हय."

"खाटंसाठी फोन करायला लावला हुता मला."

"व्हय."

एवढा वेळ कोणी बसत नाही एवढा वेळ बसला. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, ह्याला रडू यायलंय. मग उठला, माझा हात दोन्ही हातात धरला आणि गेला.

तेराव्याला शेजदान करतात. गेलेल्या माणसाची खाट, गादी, उशी, तांब्या, छत्री, चपला, सगळं देऊन टाकायचं. तिची खाट दाराजवळून उचलली. स्टूल दिलं, गलास दिला. पोरगा म्हणाला, गलास ठेवू का आबा? मी म्हणालो, रीत हाय तर रीत, सगळं जाऊ दे. खाट उचलल्यावर फरशीवर चार पायांचे चार काळे डाग राहिले होते. पुण्याची सून ते पुसायला गेली. मी तिला पुसू दिले नाहीत.

तेराव्यानंतर मी उमरग्याला गेलो. दुकानात पाय ठेवला तसा तो उभा राहिला.

"मामा, ती तारीख गेली."

"कवा?"

"म्या बसायला आलो हुतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग बोलला का न्हाय?"

"कसं बोलणार मामा? तेच सांगायला निघालो हुतो घरून. पण मय्यतीच्या घरात बसून, उद्या तारीख सरतीय, मामीचं नाव काढू का, असं इचारू? जीभ उचलली न्हाय."

"बोलला आसता तर म्या हाकलून दिलं आसतं."

"ते ठाव हुतं मला."

त्यात त्याची चूक नाही. शहरातला असता तर फोनवर दोन शब्द बोलून मोकळा झाला असता, आणि पैसे परत आले असते, आणि मी पुन्हा त्याचं तोंड बघितलं नसतं.

"आता कसं?" मी विचारलं.

"दुसरा हप्ता न्हाय भरला तर पहिलाबी बुडाला. भरला तर दोन माणसं जाऊ शकतेत. विमानात मामीच्या जागी दुसरं कुणी बसता येत न्हाय, ती खुर्ची त्यांचीच. जहाजात मात्र नाव बदलता येतंय. त्यांच्या खाटंवर दुसरं कुणीबी चालतंय."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं.

पोरानं पुण्याहून फोन केला, मामाला घेऊन जा आबा, एकटे कसे जाणार. मामा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जवळच्याच गावात राहतो. मातीच्या वेळी सगळ्यात जास्ती तोच रडला होता. दुसऱ्याच दिवशी तो आला आणि वट्ट्यावर टेकला.

"दाजी, जागा मोकळी जाणार म्हणं."

"मोकळी न्हाय. तिची हाय."

"ताई तर गेली. मी बसलो तर काय बिघडतंय?"

"बसायचं न्हाय तिथं, झोपायचं हाय."

"मग झोपतो."

"तू घोरतोस."

"ताईबी घोरायची."

"तिचं मला चालत हुतं."

तो वट्ट्यावरून उठला. मग चपला पायात घालत म्हणाला, "तुमी लई वाईट माणूस हाव, दाजी."

"हाय."

मी काही तिला वचन दिलं होतं असं नाही. समुद्र बघायची मला हौस नाही. आता कशाचीच नाही. पण घरातली तिची खाट देऊन झाली होती. जगात तिची म्हणून एकच खाट राहिली होती आणि ती त्या जहाजात होती. मी गेलो नाही तर कंपनी ती दुसऱ्या कुणाला विकणार, आणि मेहुण्याला नेलं तर तो तिच्यावर पाय पसरणार. मी दुसरा हप्ता भरला, दोघांचा.

"मामी गेल्या मनून कळवू का त्यांला?" तिकिटवाल्यानं विचारलं.

"न्हाय कळवलं तर?"

"तर त्या दिवशी, आल्या न्हाईत, एवढंच लिवतील."

"लिवू द्या."

चाकाच्या बॅगेत माझेच कपडे भरले. हैदराबादची एसटी उमरग्याहून धरली. विमानात माझी खुर्ची मधली, तिची खिडकीची. पलीकडच्या कडेला एक गृहस्थ होता. त्यानं खिडकीच्या खुर्चीकडं बोट करून हिंदीत विचारलं, इथं कोणी आहे का?

"हाय," मी म्हणालो.

तो वाट बघत राहिला. विमानातली बाई आली, पट्टे तपासून गेली. दार लागलं. विमान उडालं. तो माझ्याकडं बघायचा, रिकाम्या खुर्चीकडं बघायचा. त्याला सांगावं असं मला वाटलं नाही. मी खिडकीतून बघितलं. ढगाखाली काही दिसत नव्हतं. विमान एकदा जोरात हादरलं तेव्हा माझा हात त्या खुर्चीवर गेला. पट्टा तिथं नुसता आडवा पडला होता.

कोचीला लॉजवर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर गेलो. जहाज फोनवर दिसलं होतं त्यापेक्षा मोठं. टेबलामागच्या पोरीनं कागद बघितला. दोन नावं, माणूस एक.

"मॅडम कुठं आहेत?" ती मराठीच निघाली.

"आली न्हाय."

"मागून येणार आहेत का? मग दार बंद व्हायच्या आत यायला सांगा."

मी मान हलवली. तिनं दोन कार्डं पुढं सरकवली. ह्या कार्डानं खोलीचं दार उघडतं. एक माझं, एक तिचं. दोन्ही खिशात घातली.

खोली लहान. दोन खाटा, पांढऱ्या चादरी. दोघांचे दोन टॉवेल घड्या घालून ठेवलेले. मी भिंतीकडच्या खाटेवर बसलो. दाराजवळची तशीच ठेवली. बॅग मधी उभी केली. बाहेर गाणी लागली होती, पोरं पळत होती, कुणीतरी जेवायला चला म्हणून दारं वाजवत होतं. मी उठलो नाही.

मी जहाज हलायची वाट बघत होतो. संध्याकाळ झाली, गोल खिडकीत बंदर मागं सरकायला लागलं, पण फरशी हलली नाही. आमच्या घरच्या सिमेंटसारखी घट्ट. खोली साफ करणारा एक माणूस टॉवेल बघायला आला. तोंडावरून आपल्याकडचाच वाटला, म्हणून त्याला विचारलं, "हे हलणार कवा?"

"हे नाही हलत बाबा," तो म्हणाला. "लई मोठं आहे. काही कळत नाही. वादळबिदळ आलं तर सांगता येत नाही, एकदम हलतं."

"एकदम?"

"हां. पण घाबरू नका."

तो गेला. म्हणजे पोरानं तिला चुकीचं सांगितलं होतं. त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यानं फोनवर बघितलं होतं. गप बसून एकदम हलणारंच होतं हे. ती आली असती तर पहिल्याच रात्री उठून बसली असती आणि मला म्हणाली असती, चला, वर चला, आभाळाखाली झोपू.

टेबलावर दोन गलास पालथे ठेवलेले होते. एक सुलटा केला. नळाचं पाणी भरलं आणि दाराजवळच्या खाटेच्या उशाशी, दिव्याखालच्या फळीवर ठेवला. मग वाकून बघितलं. फरशी हलत नव्हती, खाट हलत नव्हती, पण पाणी थरथरत होतं. खाली कुठंतरी इंजिन चालू असणार. बारीक, न थांबता, गलासाच्या कडेपासून मध्यापर्यंत. मी वाट बघितली. थांबलं नाही.

पंचवीसेक वर्षं ती रोज गलासाकडं बघत होती आणि एकदाही पाणी हललं नव्हतं. इथं ते थांबतच नव्हतं. हे सारखं हलणाऱ्यात धरायचं का एकदम हलणाऱ्यात, तिला काय वाटलं असतं, मला ठाऊक नाही. ते तीच सांगू शकली असती.

मी ते पाणी पिऊन टाकलं. गलास पालथा घातला. तिचं कार्ड खिशातून काढून तिच्या उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.