पिवळी कुपी

जयवंताबाईंना सापाची भीती नव्हती, अंधाराची नव्हती. डॉक्टर माधवी मॅडमची होती, पण ती सगळ्या दवाखान्यालाच होती. त्यांची स्वतःची भीती म्हणजे बोटाएवढी एक काचेची कुपी.

अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनचे कपडे आणि चिमटे-कात्र्या वाफेवर निर्जंतुक करायचं काम त्या नऊ वर्षं करत होत्या. सामान स्टीलच्या ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत ठेवायचे. दर रविवारी एका ड्रमच्या मधोमध ती कुपी जायची. तिच्यात जांभळं पाणी आणि काही चिवट जंतूंची बीजं. हे जंतू तापलेल्या खताच्या ढिगात, गरम झऱ्यांच्या काठी मजेत नांदतात. साध्या उकळीला त्यांची बीजं दाद देत नाहीत. माणसाला ते काही करत नाहीत बिचारे, फक्त साक्ष देतात. ते मेले म्हणजे बाकीचे कधीच गेले. कुपी दिवसभर उबेत ठेवूनही पाणी जांभळंच राहिलं की जयवंताबाई "मेले बाप्पा" म्हणत हात जोडायच्या. जंतू मेल्यावर हात जोडणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात ही एकच असावी.

त्या सोमवारी सकाळी पाणी पिवळं झालं होतं.

त्यांनी कुपी पदराने पुसली, खिडकीशी धरली. पिवळीच. जंतू जिवंत होते, आणि त्याच खेपेचा दुसरा ड्रम ओटीत, ऑपरेशन थिएटरात, पोचला होता. टेबलावर मूर्तिजापूरकडची सीमा होती, पहिलटकरीण, सिझरसाठी.

असं कशाने झालं, हे त्यांना लगेच उमगलं. एका ड्रमचं झाकण मोडल्यापासून त्या तीन ड्रमांचं सामान दोनात बसवत होत्या. तरुणपणी त्या अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. तिथे कापसाची गठाण जितकी घट्ट बांधली, तितकी शाबासकी. त्याच हाताने त्यांनी कपडे गुडघा देऊन ठासले होते, वर स्वतःचं कौतुकही केलं होतं. आत वाफ शिरायला जागाच उरली नव्हती.

मोरी दोन पावलांवर होती. कुपी फोडून पाणी सोडलं असतं, तर कोणाला कळणार होतं? वहीत 'जांभळी' लिहिणाऱ्याही त्याच. या कामावरच्या आधीच्या बाईला याहून लहान चुकीसाठी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. जयवंताबाई मोरीपर्यंत गेल्यासुद्धा. मग त्यांना डोळ्यांपुढे सीमाचं पोट दिसलं, त्यावरचे ओले टाके दिसले, आणि त्या ओटीकडे धावत सुटल्या.

"मॅडम, थो ड्रम उघडू नोका!" त्या दारातूनच ओरडल्या.

"मावशी, बाहेर व्हा!"

"मले हाकला, पण ड्रम उघडू नोका. आतले जंतू मेले नाईत." त्यांनी कुपी वर धरली.

माधवी मॅडमनी कुपीकडे पाहिलं आणि ड्रम बाजूला करायला लावला. ओळखीच्या दवाखान्यातून दुसरा ड्रम आला. तासाभराने सीमाच्या बाळाने टाहो फोडला, तेव्हा जयवंताबाई बाहेर भिंतीला टेकून रडत होत्या. वाचलो, असं त्यांना वाटलं.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच भयंकर होतं.

"मावशी, मागच्या सोमवारी कुपी जांभळी होती ना?"

"हो जी."

"मग हे ठासून भरणं कधीपासून?"

आधी झालेल्या ऑपरेशनांचा विचार जयवंताबाईंच्या मनात आलाच नव्हता.

"मंगळवारपासून," त्या म्हणाल्या.

मॅडमनी ऑपरेशनची वही उघडली. मंगळवारपासून अकरा नावं होती, सगळी घरी गेलेली. पहिलं नाव सूर्यभान, हर्नियाचा पेशंट. जखम चिघळली तर नाही ना, हे विचारायला त्यांनी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

पलीकडे घंटा वाजत राहिली. जयवंताबाईंनी हात जोडले. कोणीच फोन उचलत नव्हतं.