रुखमाबाईंसाठी खाली आणलेली गाडी

दिघोरीच्या रुपरावांची ओळख दोन गोष्टींमुळे: भिवापुरी मिरची आणि मागून उंच असलेली जुनी पिकअप. मिरचीबद्दल वाद नव्हता. गाडी मात्र शेपटी वर केलेल्या खारीसारखी दिसायची, पण रुपरावांसमोर तसं बोलायची सोय नव्हती. मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले पोलादी पट्टे असतात, त्याला कमान म्हणतात. त्या कमानीत त्यांनी उमेदीच्या काळात जादा पट्टे घालून घेतले होते. भिवापूरहून कळमन्याच्या बाजारात पोत्यांचा डोंगर आणणाऱ्याची गाडी उंचच असायला हवी, असा त्यांचा खाक्या.

आता वय झालं होतं आणि डोंगर राहिला नव्हता. सकाळी रुपराव गाडी काढायचे आणि रुखमाबाई मागे पोत्यांमध्ये बसून वस्त्यावस्त्यांतून मिरची-हळद तोलून द्यायच्या. गिऱ्हाईक खरं तर त्यांचंच. कोणाच्या घरी तिखट सोसत नाही, कोणाला रंग हवा, सगळं तोंडपाठ. रुपराव नुसते सारथी. थाट तेवढा मालकाचा.

मग रुखमाबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका सकाळी स्टुलावरून गाडीत चढताना त्या पडल्या. मोडलं काही नाही, पण मुलगा ऋषिकेश भडकला. "आईले आता घरीच राहू द्या, नाईतर गाडी विकून टाका," म्हणाला. त्या दिवसापासून बाईंचं अन्नावरचं मन उडालं. घरी बसून करायचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"माह्याच्यानं चढणं होत नाई, त तुमी गाडी उतरवा नं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

रुपरावांच्या जिवावर आलं. गाडी खाली आणायची म्हणजे मोठ्या मालाचे दिवस सरले, हे चारचौघांत कबूल करायचं. त्यांनी बरेच दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण बायको दारात नुसती बसलेली बघवेना, तेव्हा एकदाची गाडी कामठी रोडवरच्या प्रीतम मिस्त्रीकडे नेली. निघताना आधी रुखमाबाईंना पुढे शेजारी बसवलं, मगच मागे रोजचा माल चढवला.

"गॅसनं कमान तापव गा, बसंन खाली," रुपरावांनी अक्कल पाजळली.

"काकाजी, तापवलं का पोलादाचा जीव जाते. चालत्या गाडीत कमान तुटली, त मांगं कोण बसून राह्यते?"



प्रीतमनं आधी सगळी पोती उतरवायला लावली. सपाट जागा पाहून पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलली आणि चेसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, टेकूला लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर तो कधी गाडीखाली शिरत नसे. पट्टे उसळू नयेत म्हणून आधी शिकंज्यात आवळले, मग बोल्ट सोडला आणि दोन्ही बाजूंचे सारखेच जादा पट्टे काढले. कंपनीचे पट्टे तसेच ठेवले, आवळायला नवे बोल्ट घातले. "आता पयल्यासारखा लोड भरायचा नाई," त्यानं बजावलं. रुपरावांनी मान हलवली, पण काढलेल्या पट्ट्यांकडे पाहून त्यांना भरून आलं.

गाडी जमिनीवर टेकली. रुखमाबाईंनी कठडा धरून पाय उचलला. चार बोटं कमी पडली. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला.

"आणखी एक काढ," आता रुपरावच हट्टाला पेटले.

"नाई काढत. एखाद्या खड्ड्यात अ‍ॅक्सल चेसीवर आदळंन." प्रीतमनं हात पुसले. "पन काकू, तुमी रिकाम्या गाडीत काहून चढता? माल भरला का गाडी तशीही बसते."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. घरच्या लक्ष्मीचा पाय आधी गाडीत, मग माल, हा रुपरावांचा धंद्याच्या पहिल्या दिवसापासूनचा नेम. त्याशिवाय एक पोतं त्यांनी कधी वर जाऊ दिलं नव्हतं. गाडी सगळ्यात उंच असते ती रिकामी असताना, आणि नेमकी तेव्हाच ते बायकोला चढवत आले होते.

"मी पडली तवाई रिकामीच होती," रुखमाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर रुपरावांना बरं वाटलं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 हळदीचं पहिलं पोतं त्यांनी स्वतः ओढत नेलं, प्रीतमनं दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि ते गाडीत चढवलं. मग दुसरं. मग मिरचीची. गाडी हळूहळू बसत गेली.

"ये वं," रुपराव म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"सरका बाजूले." रुखमाबाईंनी कठडा धरला, पाय टेकवला, क्षणभर दात आवळले आणि त्या वर गेल्या. एकट्या. पोत्यावर टेकून त्यांनी दम घेतला, पदरानं डोळे पुसले.

"उद्यापासून माल आधी," रुपराव खाली मान घालून म्हणाले.

"उद्यापासून काहून? आजच घ्या गाडी जरीपटक्याकडे. तिथल्या बाया वाट पाहून राह्यल्या असतीन."