हानाला कळपात शिरायचं होतं

"आवं डाक्टर, बाईला लांबनं काय बगायचं ती बगू द्या. पर आमच्या मागं नगं," बिरू म्हणाला आणि मेंढरं हाकत निघून गेला. हानानं उघडलेली वही मिटली.

मी आष्ट्याजवळच्या खेड्यातला, गुरांचा निवृत्त डॉक्टर. परदेशी संशोधकांची इथल्या माणसांशी गाठ घालून देणं हे आता माझं काम. ते लोक याला ‘ॲक्सेस’ म्हणतात. म्हणजे समोरच्यानं तुम्हाला आपल्यात उठू-बसू देणं. हाना जर्मनीहून मेंढपाळांवर पीएच.डी. करायला आलेली. कळपाबरोबर चालल्याशिवाय तिचा अभ्यास होणार नव्हता, आणि पावसाच्या तोंडावर कळप आटपाडीकडं परतणार होता. गाईडचा मेलही आला होता : जमत नसेल तर विषय सोड, परत ये.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सोबत कोण होतं?"

"सरपंच. त्यांच्याच जीपनं गेलो."

"त्यांनीच न्हवं का बिरूची मेंढरं गावच्या तळ्यावर पाण्याला येऊ दिली न्हाईत?"

घोडं तिथंच पेंड खात होतं. वजन पडावं म्हणून मी नेमका नको तो माणूस नेला होता. मला स्वतःचाच राग आला.

आमचं हळदीचं रान तेव्हा नांगरून पडलं होतं. आमच्याकडं लागणीआधी मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. कळप रात्री तिथं मुक्काम करतो, जमिनीला लेंडीखत मिळतं, मालक मेंढपाळाला धान्य देतो. मी बिरूला फोन लावला.

"रानात मेंढरं बसवतोस का रं?"

"बसवतो की. पर ती बाई?"

"ती आमच्याच घरी राहते. तिला कुठं घालवू?"

तो हसला. "मंग काय, तुमची पावनी ती आमची पावनी."

कळप आला. हाना बायकोबरोबर रानात चहा घेऊन जाऊ लागली. प्रश्न विचारायचे नाहीत, अशी मी तिला तंबीच दिली होती. एके सकाळी बिरूची आई हिराबाई तिच्यावर ओरडली, "ए पोरी, बगत काय हुबी ऱ्हातीस? कोकरू धर!" कोकरानं हानाच्या जीन्सवर मुतून घेतलं. हिराबाई पोट धरून हसली.

मुक्काम हलायचा दिवस आला. बिरूनं घोड्यावर बिऱ्हाड चढवलं. विचारावं की नको, या विचारात मी बांधावर उभा. जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात हिराबाईनं तेच कोकरू हानाच्या हातात दिलं. "लय वरडतंय तुज्याबिगर. चल, आटपाडीपतूर घिऊन चल."

हानानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. "जा," मी म्हणालो, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

ज्यांना दारच नाही, त्यांचं दार मी जीप घेऊन ठोठावत होतो. आता कुणी ॲक्सेस मागायला आलं की मी आधी विचारतो, त्या माणसांनी तुमच्याकडं यावं असं तुमच्याजवळ काय आहे? हळदही त्या वर्षी झकास आली.