चार झाडू घेऊन आल्गॉयला

उल्मच्या फलाटावर मी चार झाडू खांद्यावर घेऊन धावत होतो. पुढे माझे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, आइझेले. त्यांचा गुडघा दुखत होता, तरी माझ्या दोन पावलं पुढेच. मागे पाववाला आणि पोस्टमन. केम्प्टनची गाडी सुटायला तीन मिनिटं होती. बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, आता झाडूवालेसुद्धा परदेशातून आणायला लागले."

पाववाल्यानं टोपी काढली. "साधा झाडूवाला नाही, बाईसाहेब. हे डॉक्टर होणार आहेत."

बाई हसली नाही. आम्हाला गाडी मिळाली.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी श्टुटगार्टला धातुशास्त्रात संशोधन करत होतो. शहराबाहेर हेर आइझेलेंच्या घरात माळ्यावरची खोली भाड्यानं घेतली होती. आल्गॉयला, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या त्या डोंगराळ भागात, हिवाळ्यात कसं जावं, असं काही वाचकांनी विचारलं आहे. रस्ता आजही तोच: श्टुटगार्ट, उल्म, केम्प्टन, आणि तिथून डोंगराकडे जाणारी छोटी गाडी. आमच्या वेळी उल्मच्या पुढे वाफेचं इंजिन असे आणि खिडकी उघडली की डोळ्यात कोळशाचा कण जाई. खिडकी उजव्या बाजूची घ्यावी.

घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. श्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन भागात जिना आणि दारापुढचा फुटपाथ झाडायची आठवड्याची पाळी असते. तिला केरवोख म्हणतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. आमच्याकडे पाटी तळमजल्यावर आइझेलेंकडे, मग पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्यावर, आणि तिथून परत खाली जायची. माझ्या दारापर्यंत दीड वर्षात ती कधी चढली नाही. मी एकदा विचारलं.

"तुम्ही पाहुणे आहात," आइझेले म्हणाले.

ते चांगल्या मनानंच म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. रविवारी दुकानं बंद, प्रयोगशाळा बंद. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे. कधीकधी मी पुण्याहून आलेलं पत्र मोठ्यानं वाचत असे, तेवढ्यासाठीच.

नोव्हेंबरात आइझेलेंनी दार वाजवून विचारलं, "झाडता येतं का?"

मला वाटलं पाटी आली. त्यांना कर्लिंगसाठी पाचवा गडी हवा होता.

तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये काम करताना ते हा खेळ शिकले होते. चार जणांचा संघ. वीस किलोचा गुळगुळीत दगड, वर मूठ. तो बर्फावरून पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळांकडे सरकवायचा. मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्याचा गुण. दगड चालत असताना दोघं जण त्याच्यापुढे बर्फ झाडत पळतात. झाडलं की दगड थोडा लांब जातो. त्याला हात, पाय, झाडू, काहीही लागता कामा नये. लागलं तर तो दगड बाद. आणि लागलं हे ज्याचं लागलं त्यानंच सांगायचं. पंच नसतो.

विभागातल्या पुरुष संघांची स्पर्धा दर हिवाळ्यात होई. जिंकणारा संघ देशाच्या स्पर्धेला जाई. आइझेले तीनदा दुसरे आले होते. वय सदुसष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या हिवाळ्यात हा गुडघा बर्फावर न्यायचा नाही. संघात ते, पाववाला, पोस्टमन आणि आणखी एक; स्पर्धेच्या आठवड्यात तो चौथा गडी तापानं पडला आणि मी राखीवचा संघात आलो.

गाडीच्या डब्यात झाडू आमच्या पायाशी पडले होते. वळणावर माझा बूट एका झाडूला लागला. मी वाकलो, झाडूला हात लावला, हात कपाळाला लावला.

पाववाल्यानं पाहिलं. "हे काय?"

"पाय लागला. आमच्याकडे पाय लागला की असं करतात."

"झाडूला?"

"झाडूला, पुस्तकाला, माणसाला. जात्यालासुद्धा. दळायचा दगड असतो तो."

"आल्झो, तर मग," पोस्टमन म्हणाला, "माझ्या बायकोनं मला इतक्या लाथा घातल्यात. एकदाही वाकली नाही."

आइझेले खिडकीबाहेर बघत होते. पण ऐकत होते.

गाव लहान होतं. एक चर्च, दोन खानावळी, तळ्याकाठी बर्फाचं मैदान. उतरायची सोय एका शेतकरी बाईकडे, गोठ्यावरच्या खोलीत, न्याहारीसकट आठ मार्क. खालून गाईंची ऊब येत होती. मांस न खाणाऱ्यांनी तिथे केझश्पेट्झले मागवावं. कणकेचे मऊ तुकडे, चीज, वर तळलेला कांदा. मी दोन्ही दिवस तेच खाल्लं. वाढणारी बाई दुसऱ्या दिवशी न विचारता घेऊन आली. त्या प्रवासात मला कुणी ओळखलं ते तेवढंच, असं मला तेव्हा वाटलं.

सहा संघ होते. म्युनिकचे डॉक्टर, सगळ्यांचे स्वेटर सारखे. तळ्याकाठचे हॉटेलवाले. स्की शिकवणारे चार भाऊ, जे आपसांतच भांडत. चीज करणाऱ्यांचा एक संघ, एक बोडेन्झे सरोवराच्या काठचा, आणि आम्ही. तीन-तीनचे दोन गट. शनिवारी दुपारी आम्ही डॉक्टरांना हरवलं, मग भावांना. भावांचा तिसरा गडी सामना संपायच्या आधीच चिडून खानावळीत गेला होता.

"चौघं असते तर हरलो असतो," पोस्टमन म्हणाला.

"चौघं कधी असतात?" पाववाला म्हणाला.

मी हसलो. हसताना माझ्या लक्षात आलं की विनोद मला जर्मनमध्येच कळला होता. संध्याकाळी ते तिघं पत्ते खेळत बसले. तो खेळ मला येत नव्हता. मी गोठ्यावरच्या खोलीत जाऊन पडलो.

रविवारी अंतिम सामना सकाळी सातला. तिकडे डोंगरावरून कधीकधी उबदार वारा सुटतो, आणि नऊनंतर बर्फावर पाणी धरतं. अशा खेळाला जाणार असाल तर पहाटेच पोचावं, आणि पायात दोन मोजे घालावेत. समोर हॉटेलवाले होते. त्यांचा कप्तान धिप्पाड, लाल गालांचा माणूस. तो आणि आइझेले वीस वर्षं एकमेकांना ओळखत होते.

दहावी, शेवटची फेरी. गुण समान. हॉटेलवाल्यांचा दगड वर्तुळात, मध्यबिंदूपासून हातभर अंतरावर. एकच दगड राहिला होता, आइझेलेंचा.

त्यांनी गुडघा टेकला. परत उठायला वेळ लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. दगड सुटला. पोस्टमन आणि मी दोन बाजूंनी झाडत निघालो. बर्फ मऊ पडू लागला होता, दगड जड चालला होता. वर्तुळापाशी उभा राहून पाववाला ओरडत होता, "झाडा, झाडा." मला काही दिसत नव्हतं, फक्त दगडापुढची हातभर जागा. दगड वर्तुळात शिरला. हळू झाला. त्यांच्या दगडाच्या आत आला. मी मागे सरायला पाय उचलला आणि बुटाचं टोक दगडाला लागलं. दगड अजून चालत होता. बोटभर पुढे जाऊन तो थांबला.

मी वाकलो. दगडाला हात लावला. हात कपाळाला लावला.

पाय लागलेला कुणी पाहिला नव्हता. पोस्टमन मैदानाच्या कडेला वाकून श्वास घेत होता. पण नमस्कार सगळ्यांनी पाहिला.

हॉटेलवाल्यांचा कप्तान जवळ आला. दगड बघितला, मग मला. तो हसत होता. "सुंदर खेळलात. हे काय केलंत? दगडाचे आभार?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," पाववाला घाईनं म्हणाला. "त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. जिंकल्यावर."

आइझेले तेवढ्यात लंगडत पोचले होते. डब्यात मी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बर्फाकडे बघत होते. एक शब्द बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं.

"पाय लागला," मी म्हणालो. "दगड चालत होता."

कप्तानाचं हसू गेलं. "मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

"मला लागला."

आइझेले पुढे झाले. मूठ धरून त्यांनी स्वतःचा दगड वर्तुळाबाहेर ढकलला. कडेला लागेपर्यंत तो गेला. मग त्यांनी हातमोजा काढून कप्तानाशी हात मिळवला.

या खेळात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं असतं, एकाच टेबलावर बसून. आम्ही बसलो. कप्तानानं माझ्यापुढे सफरचंदाचा गरम रस ठेवला. पोस्टमनला बिअर चढली आणि तो डॉक्टरांना भावांची नक्कल करून दाखवू लागला. पाववाला माझ्याशी बोलला नाही. आइझेले सगळ्यांशी थोडंथोडं बोलले, माझ्याशीही. मीठ द्या, म्हणाले.

परतीच्या गाडीत पाववाला झोपेचं सोंग घेऊन बसला. उल्मला गाडी बदलताना या वेळी धावावं लागलं नाही. झाडू मीच घेतले. उल्मच्या पुढे अंधार पडला. आइझेले एकदा "आल्झो" म्हणाले. मी वाट पाहिली. घरी जिन्यापाशी त्यांनी झाडू माझ्याकडून घेतले, गूट नाख्ट म्हणाले आणि दार लावलं. मी वर गेलो. दुसरी खोली कुठे मिळेल याचा विचार करत बराच वेळ बसलो.

पुष्कळ हिंडलो त्यानंतर. आल्गॉयलाही दोनदा गेलो. तळं आहे, गोठ्यावरच्या खोल्यांना आता हॉटेल म्हणतात. त्या दोन दिवसांतलं मला काय आठवतं असं विचाराल तर डोंगर नाही. बर्फाकडे बघत उभा असलेला एक म्हातारा माणूस आठवतो. त्यानं ते माझ्यावर सोडलं होतं. ते तसंच सोडायचं असतं, हे मला पुढे कळलं.

सोमवारी सकाळी सहाला मी दार उघडलं. मुठीला पाटी लटकत होती. रात्री बर्फ पडला होता. मी खाली जाऊन फुटपाथ झाडला.