उसना भाऊ

आमच्या साताऱ्याच्या घराजवळच्या मंगल कार्यालयात तो खुर्च्या लावतो. नवरीला भाऊ नसला, की गुरुजी त्यालाच हाक मारतात. मग तो हात धुतो, टोपी नीट करतो आणि होमापाशी भाऊ म्हणून तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. अगदी सावकाश, एकही सांडू न देता. नंतर नवऱ्या मुलाचा कान असा पिळतो, की तो खरंच कळवळतो. "आमच्या ताईला जपा दाजी, न्हाईतर दुसरा कान हायच!" सगळा मांडव हसतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न तिथंच झालं. तिनं जातीबाहेर लग्न ठरवलं म्हणून मी गेलो नाही. घरात बसून सनई ऐकत राहिलो. लाह्या यानंच घातल्या, हे मला नंतर कळलं. नऊ वर्षं येता-जाता भेटतो, पण विचारायचं धाडस झालं नाही. परवा विचारलं, "माझ्या बहिणीच्या लग्नात लाह्या तूच घातल्यास ना?"

खुर्ची पुसत तो म्हणाला, "घातल्या की लाह्या. पण कान न्हाई पिळला."

"का रे?"

"ताई म्हणाली, मला दादा हाय. तेवढं त्याच्यासाठी राहू द्या." मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "दर भाऊबीजेला जातो मी. दाजींचं केस पिकाय लागलं. आवं, तुमी कवा जाणार?"

तिचा सांगलीचा पत्ता मला त्याच्याकडूनच लिहून घ्यावा लागला.