निम्म्या वर्गाची छडी

कोणी काही ठामपणे म्हणाले की मास्तर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कशावरून?" सूर भांडणाचा नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असे. पण समोरच्याला हे कळायला वेळ लागे, आणि तोवर तो चिडलेला असे.

मंगळवार बाजारात एकदा बोरे विकणारी म्हणाली, "घ्या की मास्तर, लई ग्वाड हाईत."

"कशावरून?"

तिने एक बोर खायला दिले. गोड निघाले. मग त्यांनी पाटीच्या मधले एक मागितले, मग तळातले. वरची बोरे सगळेच निवडून ठेवतात, हे त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले.

"आता समदी पाटीच खावा," बाई म्हणाली, "म्हंजी खात्री हुईल."

त्यांना हे तत्त्वतः पटले होते. फक्त शाळेची वेळ झाली होती.

सोलापुरात आमची शाळा गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात होती. ते तिसरीला शिकवीत, मी पलीकडे दुसरीला. मध्ये फळ्यांची भिंत. मुले बहुतेक विणकरांची. घरी तेलुगू, गल्लीत मराठी. सकाळी मागापाशी बसून सुताच्या कांड्या भरायच्या आणि मग शाळेत यायचे, म्हणजे उशीर ठरलेला आणि छडीही ठरलेली. पाढा अडला तर आणखी एक. तिसरीत मात्र छडी नव्हती. एखाद्या मुलाची बेरीज चुकली की मास्तरांना आनंदच होई. ते त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसत आणि तो नेमका कुठे वळला ते शोधून काढत. त्या वर्गावर त्यांचा जीव होता.

"छडीशिवाय पाढे पाठ होत नाहीत," हेडमास्तर एकदा म्हणाले.

यावर मास्तरांनी काय विचारले ते तुम्ही ओळखले असेलच. हेडमास्तरांना बावीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. ते लाल झाले. "मग तुम्हीच दाखवा सिद्ध करून. दिवाळीपर्यंत! नाही जमलं तर छडी हातात घ्या, नाहीतर वर्ग सोडा."

मास्तरांनी कुठल्याशा शैक्षणिक मासिकात विलायतेतल्या शाळांतल्या प्रयोगांबद्दल वाचले होते. त्यांनी चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग केले. उजवी रांग बिनछडीची, डावी छडीची. शिकवणे दोघांना सारखेच. दुसऱ्या दिवशी उजवीकडे एकतीस मुले बसली होती आणि डावीकडे पाच. त्या पाचांतले तिघे टेंभुर्णीहून नुकतेच आले होते; त्यांना कोणी सांगितले नव्हते.

रांगा पुन्हा लावल्या. मग मोठी अडचण उभी राहिली. मास्तरांना मारता येईना. मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले.

"तुमचा हात उसना द्या. शास्त्राचं काम आहे."

मी माझ्या वर्गात छडी फक्त टेबलावर आपटत असे, पण हे कोणाला सांगितलेले नव्हते. नाही म्हणायचे धैर्य झाले नाही.

पहिल्या दिवशी डाव्या रांगेतला पहिला मुलगा हात पुढे करून, डोळे मिटून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने एक डोळा उघडला.

"गुर्जी, झालं व्हय?"

"झालं."

त्याला माझी कीव आली असावी. "आसं न्हाय गुर्जी. मनगट ढिलं सोडायचं, मग चट्कन बसती." मागच्यांनीही सूचना केल्या. पुढेपुढे ती मुले माझ्या सोयीसाठी हात जरा वर धरू लागली, आणि हेडमास्तरांना ऐकू जावे म्हणून आळीपाळीने "आई गं!" ओरडू लागली.

दिवाळीच्या तोंडावर हेडमास्तरांनी स्वतः पाढे विचारले. दोन्ही रांगा सारख्याच उतरल्या, आणि दोन्ही चांगल्या. हेडमास्तर माणूस दिलदार होता. "ठीक आहे मास्तर. छडीवाचून अडत नाही, हे मान्य. वर्ग तुमचा."

मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात चष्मा कपाळावर गेला.

"पण हे सिद्ध कुठं झालं? हे गृहस्थ मारतच नव्हते. झुरळ झटकल्यासारखं करतात. म्हणजे छडीची रांग नव्हतीच!"

मी छताकडे पाहू लागलो.

हेडमास्तर म्हणाले, "असं! मग पुन्हा करू. होळीपर्यंत डाव्या रांगेला मी मारतो. नीट मारतो. तुम्हालाही कळेल, मलाही कळेल."

यात चूक काहीच नव्हती. मास्तरांचे डोळे क्षणभर चमकलेले मी पाहिले. हवे होते ते उत्तर आता मिळणार होते. त्यांनी दारातून डाव्या रांगेकडे पाहिले. मला मनगट शिकवणारा मुलगा पाटीवर थुंकी लावून ती बाहीने पुसत होता.

"नको," मास्तर म्हणाले. "मला नाही कळलं तरी चालेल."

"मग वर्ग सोडावा लागेल."

"सोडतो."

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांना बिगारीचा, अगदी लहानग्यांचा वर्ग मिळाला. तिसरी, शिक्षा म्हणून, माझ्या गळ्यात पडली. सोबत एक नवी वेताची छडी आणि "आता मारायला शिका" ही ताकीद. मी काही शिकलो नाही. "आई गं!" मात्र पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. अंत्ययात्रेला अकरा तरुण विणकर माग बंद ठेवून आले होते. केसांत अजून सुताचे तंतू होते. ओळख देताना प्रत्येक जण म्हणाला, "आमी मास्तरांच्या उजव्या रांगेतले, गुर्जी. आमाला कदी छडी लागली न्हाय."

त्यांतले निदान सात जण डाव्या रांगेतले होते. मी मान हलवली, बाजूला झालो आणि तिरडीखालची माझी जागा त्यांना दिली.